नऊ सत्तावीसची बस

आमचा फुकट पास साडेनऊला जागा होतो.
त्याआधी तो नुसता प्लास्टिकचा तुकडा,
माझा पडेल चेहरा छापलेला.
आणि बस येते नऊ सत्तावीसला.
पुढची तासाभराने, तीही आली तर.

हा आमचा राहुकाळ, मी मनात म्हणायचे,
तीन मिनिटांचा.
डोरीनला एकदा समजावून सांगितलं तर म्हणाली,
आमच्यातही आहे हो तो,
फक्त नगरपालिका पाळते.

कॉव्हेंट्रीच्या कडेला हेझलमूर,
थांब्यावर आम्ही ठरलेली माणसं.
डोरीन आणि तिची चाकांची कापडी पिशवी.
मिस्टर अडेयेमी, टाय बांधून, रक्त द्यायला निघालेले
उपाशीपोटी, आणि तसं सगळ्यांना सांगणारे.
एक पोलिश आजोबा. बोलत नाहीत,
पण बाकडं ओलं असलं की पुसून काढतात
स्वतःच्या रुमालाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि मग उभेच राहतात.

ड्रायव्हर होती बर्निस.
दार उघडायची, आम्हाला एकदा नजरेने मोजायची,
इंजिन बंद करायची
आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घ्यायची.
डावी. मग उजवी.
मग परत डावी.
साडेनऊला वर बघून म्हणायची, चला, या.

तिच्या बुटांना नाड्या नव्हत्याच, वेल्क्रो होतं,
हे मला सहा महिन्यांनी कळलं.

बस जायची लायब्ररीवरून (मंगळवार, शुक्रवार उघडी),
बाजारातल्या जुन्या स्वच्छतागृहावरून.
ते बंद करून तिथे आता कॉफी विकतात,
भिंतीच्या हिरव्या फरशा मुद्दाम तशाच ठेवून.
डोरीन पाऊल ठेवत नाही आत.
जिथे एका पेनीत मोकळी व्हायचे, म्हणते,
तिथे साडेतीन पौंड देऊन भरून कशाला घेऊ?
बस हसायची. पोलिश आजोबासुद्धा, खिडकीकडे बघून.

मग खांबाला पिवळा कागद लागला.
आपले मत कळवा. सभा चर्चच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात.
शेवटची बस साडेपाचला.
आम्ही चालत गेलो. डोरीनने पिशवी आणली होती, रिकामीच,
तिच्याशिवाय तिला तोल सापडत नाही.

पडद्यावर तक्ते होते, रंगीत.
एक तरुण मुलगा, सभ्य, घसा बसलेला, वाचत होता:
नऊ सत्तावीसची फेरी रोज तीन मिनिटं उशिरा सुटते.
वर्षभर. एकही दिवस चुकलेला नाही.
कारण अज्ञात.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. कोणी सांगू शकेल?

माझा हात वर गेला.
शाळेत जायचा तसा, मला न विचारता.
आणि तिथेच, हवेत, मला बर्निसची नोकरी आठवली.
मी तो हात केसांवरून फिरवला,
अंबाडा चाचपला, खाली घेतला.
डोरीन पिशवीचं चाक तपासू लागली.
मिस्टर अडेयेमी वाकले.
पोलिश आजोबा वाकले, गुडघा कुरकुरला,
आणि आमची अख्खी रांग
खाली मान घालून
आपापल्या नाड्या बांधत राहिली.
मी तर सँडल घातले होते.

त्या मुलाने लिहून घेतलं: आक्षेप नाही.

टॅक्सीने परतलो, अकरा पौंड, चौघांत.
तेव्हा कळलं, आजोबांचं नाव झ्बिग्निएव्ह.
मी तीनदा म्हणून पाहिलं, त्यांनी तीनदा मान हलवली.

आता फेरी दहा पाचला आहे.
पास चालतो, कोणी वाकत नाही,
बर्निसला दुसऱ्या मार्गावर घातलंय, विमानतळाच्या.
रक्ताचं क्लिनिक दहाला बंद होतं.
मिस्टर अडेयेमी चालत जातात,
उपाशीपोटी, टाय बांधून,
आणि सांगायला वाटेत कोणी नसतं.